सीतादहीची तारीख

‘भागीदार’ हा शब्द कानावर पडला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यात शब्दाचा काही दोष नाही. आमच्याकडे दोघं भाऊबंद मिळून विहिरीवर मोटार बसवतात, पाण्याच्या पाळीवरून एकमेकांची आयमाय काढतात आणि संध्याकाळी एकाच ओट्यावर बसून चहा पितात. ती भागीदारी मला समजते. पण संस्था-संस्थांची भागीदारी म्हणून जे काही मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात पाहिलं, ते समजून घ्यायला मला फार राग गिळावा लागला, आणि सगळा काही गिळता आला नाही.

गोष्ट एका खोलीची आहे. ग्रामपंचायतीच्या मागच्या अंगाला एक रिकामी खोली होती. पूर्वी तिथं दवंडीचं सामान आणि मोडक्या खुर्च्या ठेवत. तिथं लहान लेकरांसाठी पाळणाघर काढावं असं आमच्या महिला संघाच्या मनात होतं. संघ म्हणजे काही मोठं प्रस्थ नाही. चार गावांतल्या बाया, महिन्याला एक बैठक, आणि मी, स्कूटीवर फिरणारी आणि जिथं जाईन तिथं भांडणारी.

पाळणाघर कशाला, असं शहरातली माणसं विचारतात, अंगणवाडी आहे ना? आहे. पण अंगणवाडी घेते तीन वर्षांपुढची मुलं, आणि उघडते उन्हं वर आल्यावर. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचा ऑटो त्याच्या किती तरी आधी गावाबाहेर पडलेला असतो. मग तान्ह्याचं करायचं काय? सासू धडधाकट असेल तर ती सांभाळते. नसेल तर लेकरू वावरात जातं, बांधा-धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून. आणि शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर आईचा जीव धड कापसात राहत नाही, धड झोळीत राहत नाही. तिसरा उपाय सगळ्यात सोपा. घरातल्या मोठ्या मुलीची शाळा सोडवायची.

त्या गावात अशी एक मुलगी होती. चौथीत गेलेली. तिला वाचायचं वेड होतं, आणि तेही मोठ्यानं. एसटीची पाटी, खताचं पोतं, माझ्या स्कूटीच्या मागे चिकटवलेलं पेट्रोलपंपाचं स्टिकर, काही म्हणजे काही सोडायची नाही. मी बैठकीला गेले की माझ्या पिशवीवरची अक्षरं वाचून दाखवल्याशिवाय मला आत जाऊ द्यायची नाही. तिला धाकटा भाऊ होता, रांगता. तिची आई संघातली. बैठकीत एकदाच बोलायची पण नेमकं बोलायची. तिनंच त्या पावसाळ्यात म्हटलं होतं, “ताई, मागच्या वर्षी म्या हिले दिवाळीनंतर घरी बसवलं. औंदा नाही बसवाची. ते खोलीचं काही तरी करा.”

मी शब्द दिला. खोली करूच.

आता पंचायतीची खोली, आमच्या बाया, पण सांभाळणाऱ्या दोघींचा पगार आणि लेकरांचा खाऊ कुठून आणायचा? एका मोठ्या शहरातली एक संस्था तेव्हा यवतमाळात नवं कार्यालय थाटून बसली होती आणि गावोगाव ‘भागीदार’ शोधत होती. आम्ही सापडलो. त्यांचा कार्यक्रम अधिकारी गावात आला. तरुण, नीटनेटका, बोलायला साखर. प्रत्येक वाक्यात आम्हाला पार्टनर म्हणायचा. त्या मुलीच्या आईनं हळूच विचारलं, “पार्टनर म्हंजे काय जी? ठेकेदाराचा असते तसा?” सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तोही हसला आणि म्हणाला, “तसा नाही ताई. आपण सगळे सारखे.”

सारखे! हे वाक्य मी आजही विसरलेले नाही.

पंचायतीच्या कार्यालयात बैठक झाली. सरपंच, आम्ही आणि तो. कोण काय करणार ते ठरलं, करारावर तिघांच्या सह्या झाल्या. शेवटी त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि विचारलं, “सुरुवात कधीपासून करायची?”

मी म्हणाले, “सीतादहीच्या दिवशी.”

सरपंचांनी मान डोलावली. बायांनी डोलावली. त्यानंही अगदी मनापासून डोलावली आणि टपाटपा टाइप केलं. मला वाटलं, विदर्भात नोकरी करतोय, माहीत असणार. त्याला वाटलं असणार, विचारलं तर आपलं अज्ञान दिसेल. संस्थांच्या बैठकांत लोक जेवढी मान हलवतात तेवढे प्रश्न विचारतील तर अर्ध्या भानगडी टळतील, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगते.

सीतादही आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कापूस फुटला, वेचणी सुरू करायची, की त्या दिवशी वावरात कापसाच्या झाडाशी हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, थोडा दहीभात चहूकडे शिंपडायचा आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावायचा. तिला तिथी नाही, तारीख नाही. ज्याचं वावर आधी फुटेल त्याची सीतादही आधी. पण गावात पहिली सीतादही झाली की दुसऱ्या दिवशी मजुरांचे ऑटो सुरू होतात, हे ठरलेलं. म्हणून मी तो दिवस धरला होता. खोली एक दिवसही उशिरा उघडून चालणार नव्हती.

पुढचे दिवस मोठे छान गेले. बायांनी खोली शेणानं नाही, चांगली फरशी घासून, चुना मारून लख्ख केली. आढ्याला झोळ्या टांगल्या. संस्थेनं यवतमाळहून गाद्या, खेळणी, दूध तापवायची शेगडी पाठवली. मुलीची आई रोज एक चक्कर मारायची. मुलगी यायची आणि खोक्यांवरचे छापील शब्द वाचायची.

सामान आलं आणि कुलूप आलं. सामान किमती आहे, हिशेब द्यावा लागतो, म्हणून संस्थेनं आपलं कुलूप घातलं आणि किल्ली यवतमाळला नेली. दुसऱ्या दिवशी पंचायतीला जाग आली. खोली आमची आणि कुलूप दुसऱ्याचं? त्यांनी वरच्या कडीला आपलं कुलूप घातलं. दारावर दोन कुलपं झाली आणि ज्यांनी खोली घासली त्यांच्याकडे एकही किल्ली नव्हती. आम्ही तेव्हा त्यावर विनोद केले. म्हटलं, उघडायच्या दिवशी देतीलच की.

दसरा झाला आणि बोंडं फुटली. गावात पहिली सीतादही झाली त्याच संध्याकाळी मी सरपंचांना आणि अधिकाऱ्याला निरोप धाडला, उद्या उघडतो. सकाळी उजाडता उजाडता पोचले तर खोलीपुढे बाया उभ्या, कडेवर लेकरं, एकीच्या हातात दुधाची बाटली, एकीच्या हातात झबलं-टोपडं. पलीकडे मजुरांचा ऑटो भोंगा वाजवत होता. पंचायतीचा शिपाई धावत आला आणि आपलं कुलूप उघडून बाजूला झाला. दुसरं कुलूप तसंच.

मी अधिकाऱ्याला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला.

“ताई, आज काय आहे?”

“आज काय आहे म्हणजे? निरोप वाचला नाही का? काल सीतादही झाली. बाया लेकरं घेऊन उभ्या आहेत. किल्ली कुठाय?”

तो गोंधळला. “पण ताई, सीतादहीला तर अजून खूप वेळ आहे. आम्ही कॅलेंडर बघूनच आराखडा केला. वैशाखात आहे ना?”

मला काही सुधरेना. वैशाखात कसली सीतादही? मग डोक्यात प्रकाश पडला. यानं ‘सीतादही’ असं लिहून वर पाठवलं होतं. वरच्यांना असा सण सापडेना. कुणीतरी हुशारीनं कॅलेंडर चाळलं, वैशाखातली सीता नवमी सापडली, आणि बहुतेक हेच म्हणायचं असेल, असं ठरवून आमचं पाळणाघर त्यांनी वैशाखात सुरू करायचं ठरवलं. वैशाखात आमच्या रानात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि बाया सावलीत बसलेल्या असतात. कापसाच्या लेकरांसाठी पाळणाघर, आणि ते उघडणार कापूस संपल्यावर!

एकानंही आम्हाला फोन करून विचारलं नाही. भागीदार होतो ना आम्ही? मग एक फोन करायला काय झालं होतं? मी फोनवर काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाया लेकरांचे कान झाकायला लागल्या होत्या.

तो गरीब सुरात म्हणाला, “ताई, चूक झाली. मी वर विचारतो.”

हे ‘वर’ मला त्या हंगामात पुरून उरलं. किल्ली द्यायची तर वर विचारायचं. सांभाळणारीला आधी कामावर घ्यायचं तर वर विचारायचं. मी शेवटी विचारलं, आपण सगळे सारखे होतो, मग त्यात हे वर आणि खाली कुठून आलं? तो खरंच लटकला होता, हे मला दिसत होतं, आणि तरी माझा राग उतरत नव्हता.

ऑटो भोंगा वाजवून निघाला. अर्ध्या बाया लेकरांसकट चढल्या. अर्ध्या घरी गेल्या.

बायांनी मग आपसात सावड केली. रोज एकीनं मागं राहायचं, बुद्धविहाराच्या ओसरीत सगळ्यांची लेकरं सांभाळायची, बाकीच्यांनी वेचणीला जायचं, उद्या दुसरीची पाळी. कुणाचा करार नाही, कुणाचं कुलूप नाही, आणि पहिले काही दिवस ते इतकं सुरेख चाललं की मला वाटलं, गेली ती संस्था उडत. पण वेचणीची मजुरी वजनावर. वावरं भरून फुटली तसं मागं राहणं महाग पडायला लागलं. त्यात मजूर गोळा करणाऱ्यानं तंबी दिली, आज नाही आली तर उद्यापासून येऊ नको. मुलीच्या आईची पाळी आली तेव्हा नेमकं हे झालं. ती राहिली असती तर तिचा हंगाम गेला असता.

ती माझ्याकडे आली. ओरडली नाही, रडली नाही. “ताई, तुमची खोली कवा उघडन? मले खरं सांगा. याले वावरात नेऊ का हिले घरी बसवू? तिकडे फवारे सुरू हायेत.”

मुलगी दुसऱ्या दिवसापासून घरी बसली.

मी सरपंचांकडे गेले. म्हटलं, तुमचं कुलूप उघडंच ठेवा, त्यांचं मी बघते. तर ते म्हणाले, “आता तसं नाही जमत, ताई. करारात लिवलं हाय, उद्घाटन झाल्याबिगर खोली वापराले द्याची नाही. अन् उद्घाटनाले साहेब लोक येतीन, मंडप टाकू, गावाचं नाव होईन.” म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे मंडप होता. मी संघाची बैठक घेतली आणि सरळ म्हटलं, दगड घ्या, कुलूप तोडू. माझी पूर्ण तयारी होती. पण बायांनी नाही म्हटलं. एक म्हणाली, “कुलूप तुटलं तं संस्था निघून जाईन, मंग पगार कोण देईन? आणखी दोन दिवस कळ काढू.” मीही शेवटी बैठकीचा निर्णय मानला. संघ म्हटला की मानावा लागतो.

दोन दिवस म्हणता म्हणता दिवाळी गेली. शाळेतले सर त्या मुलीच्या घरी जाऊन आले. मुलगी भावाला मांडीवर थोपटत बसली होती. “खोली उघडली का येतो, सर,” असं तिनं सांगितलं. सर मला रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी हे सांगितलं. त्या करारात शाळेचं नाव कुठंच नव्हतं. पाळणाघर जिच्यासाठी काढायचं, तिलाच कुणी विचारात घेतलं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर वरून मंजुरी आली. मंडप पडला, फीत कापली, साहेब लोकांनी आमच्या लेकरांना कडेवर घेऊन फोटो काढले. दोन्ही कुलपं एकदम उघडली तेव्हा टाळ्या वाजल्या. कुलूप उघडल्याबद्दल टाळ्या! ज्यांनी घातलं त्यांनीच काढलं आणि त्यांनाच हार. मी मंडपाच्या कडेला उभी राहून दात-ओठ खात होते. तोवर वेचणी सरत आली होती, आणि ती संपताच दोन्ही कुलपं परत लागली. मुलगी शाळेत परत गेली खरी. पण इतके दिवस बुडल्यावर बाकीची पोरं पुढे निघून गेलेली. सरांनी जीव ओतला. ती थोडे दिवस गेली, मग शेवटचा कापूस वेचायला आईसोबत जायला लागली. गावातली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला एसटीनं दुसऱ्या गावी जावं लागतं. जूनमध्ये बाकीच्या मुली बसमध्ये चढल्या. ती चढली नाही.

आणि त्याच पावसाळ्यात मला यवतमाळहून त्या संस्थेच्या कार्यशाळेचं बोलावणं आलं. विषय होता, ‘प्रभावी भागीदारी कशी उभारावी आणि टिकवावी’. जिल्ह्यातल्या बऱ्याच संस्था येणार होत्या आणि आमची खोली हे त्यांचं यशस्वी उदाहरण होतं. मी जाणार नव्हते. मग वाटलं, तोंडावर सांगायची संधी कशाला सोडा.

मी सांगितलं. दोन कुलपं सांगितली, वैशाख सांगितला, ती मुलगी सांगितली. म्हटलं, ज्याला तुम्ही किल्ली देत नाही त्याला भागीदार म्हणू नका, राखणदार म्हणा, निदान खरं तरी होईल. आणि तुम्हाला न कळलेला शब्द आला की मान हलवू नका, विचारा. पुढच्या रांगेतल्यांनी पेन खाली ठेवले. मला वाटलं, लागलं कुठंतरी. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारी बाई उठली आणि म्हणाली, फारच हृदयस्पर्शी अनुभव आहे. टाळ्या पडल्या. एकानं लगेच फळ्यावरच्या मोठ्या कागदावर रंगीत पेननं लिहिलं, ‘किल्ली म्हणजे विश्वास’, आणि भोवती फुलं काढली. लोक मोबाइलमध्ये त्याचे फोटो काढायला लागले. एकानंही विचारलं नाही की त्या मुलीचं पुढं काय झालं, ती आता कुठं आहे. माझं डोकं असं फिरलं की मी माइक टेबलावर आपटला आणि बाहेर आले.

तो अधिकारी माझ्या मागे बाहेर आला. पायऱ्यांवर माझ्या शेजारी उभा राहिला. खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. “मी वर विचारलेलं नाही,” तो म्हणाला. “आणि यंदा सीतादही झाली की मला फोन करा. मला ती बघायची आहे.” त्याचे डोळे भरले होते. एवढ्या सगळ्या प्रकारात मला आवडलेली ही एकच गोष्ट. त्या दिवशी मी त्याच्याशी पहिल्यांदा सरळ बोलले. सरपंचांशी भांडून मी पंचायतीचंही कुलूप काढून घेतलं. दारावर एकच कुलूप राहिलं, आणि किल्ली सांभाळणाऱ्या बाईच्या कमरेला. काही ठरवायचं झालं तर आता तो आधी गावात येतो, ओट्यावर बसतो, न कळलेला शब्द दोनदा विचारतो. मग वर कळवतो. बाया त्याला चिडवतात, “साहेब, वैशाखात या.” तो हसतो. आता काम चालतं, नाही म्हणणार नाही.

यंदा सीतादहीला तो आला. वावरात अनवाणी उभं राहून त्यानं दहीभात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी उजाडताच खोली उघडी होती, शेगडीवर दूध होतं, झोळ्या टांगलेल्या. दारावर नवी पाटी लागली होती, पंचायत, संघ आणि संस्था अशी तिघांची नावं आणि खाली ‘संयुक्त भागीदारीतून’. बाया एकेक लेकरू ठेवून ऑटोकडे जात होत्या. मला सगळ्यांना मिठी मारावीशी वाटत होती.

मग ती मुलगी आली. भावाला कडेवर घेऊन. कमरेला वेचलेला कापूस भरायचा कापडी ओटा बांधलेला, डोक्याला रुमाल, आईसारखाच. भावाला तिनं सांभाळणारीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “याले लवकर भूक लागते, मावशी.”

अधिकाऱ्याला मी तिच्याबद्दल इतकं सांगितलं होतं की तो आनंदानं पुढे झाला. पाटीकडे बोट करून म्हणाला, “वाच बरं बेटा, काय लिहिलंय?”

तिनं वर पाहिलं. एक क्षण ओठ हलले. मग ऑटोनं भोंगा वाजवला.

“मले उशीर होऊन राह्यला, साहेब,” ती म्हणाली आणि पळत जाऊन बायांसोबत ऑटोत चढली.

तिला कसला उशीर? उशीर आम्ही तिघांनी मिळून केला होता, करारावर सह्या करून.